विकेन फेनची पाणथळ

इंग्लंडच्या केंब्रिजशायर परगण्यातील विकेन फेन ही पाणथळ भूमी, जिचा अवघा 2 एकरांचा पहिला तुकडा नॅशनल ट्रस्टने 1899 साली 10 पौंडांस खरेदी केला, आज 9,000 हून अधिक जीवजातींचे आश्रयस्थान आहे. सदैव भिजलेल्या या भूमीत मृत वनस्पती प्राणवायूच्या अभावी पूर्णतः कुजत नाहीत. त्यांचे थर साचून पीट ही काळी माती बनते, आणि पाण्याचा निचरा होताच तीच आक्रसून खचते, इतकी की याच परगण्यातील होम फेनमध्ये 1851 च्या सुमारास पूर्ण गाडलेला खांब आज सुमारे 4 मीटर उघडा पडला आहे. पाणी राखणे हेच येथील खरे संरक्षण होय. स्वॉलोटेल हे देखणे फुलपाखरू मात्र 1950 च्या दशकात येथून लुप्त झाले. पुढे आणून सोडले, तरी टिकले नाही.