विरामाच्या जागी नवे आम्ल

जीवमात्रांची प्रथिने मुख्यतः वीस अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी घडतात. कोणते आम्ल कोठे गुंफावयाचे, हे जनुकातील त्रिवर्णी संकेत ठरवितात. असे 64 संकेत आहेत. त्यांपैकी 3 संकेत केवळ 'येथे साखळी संपली' एवढेच सांगतात. संकेतानुरूप आम्ल आणून देणारा रेणू म्हणजे वाहक आरएनए.

कोलकात्यात शिकलेले नेपाळचे शास्त्रज्ञ उत्तम राजभंडारी यांनी या वाहकाचा दीर्घकाळ अभ्यास केला. हरगोविंद खुराना यांच्या हाताखाली काम करून ते पुढे अमेरिकेतील एमआयटी संस्थेत प्राध्यापक झाले. एखाद्या विरामसंकेतास नवा वाहक मिळाला, तर पेशी तेथे न थांबता विसांबाहेरचे आम्ल गुंफील, ही यातील युक्ती. 2001 साली पीटर शुल्ट्झ व त्यांचे सहकारी यांनी ती जिवाणूत साधली. त्याच वर्षी राजभंडारींच्या प्रयोगशाळेने असे वाहक सस्तन प्राण्यांच्या पेशींत पोहोचविण्याची रीत प्रसिद्ध केली. अशा आम्लाच्या आधारे प्रथिनाच्या नेमक्या ठिकाणी औषध जोडता येते.

परंतु पेशीचे स्वतःचे विरामही या वाहकामुळे डावलले जातात. म्हणून 2013 साली अमेरिकेतील संशोधकांनी एका जिवाणूच्या जनुकसंचातील असे सर्व 321 विराम बदलून तो संकेत मोकळा केला. 2015 साली तर कृत्रिम आम्लावाचून जगूच न शकणारे जिवाणू सिद्ध झाले. प्रयोगशाळेबाहेर ते आम्ल नाही. त्यामुळे तेथे त्यांना जीवनही नाही. नव्या सामर्थ्याचा लगाम असा त्या सामर्थ्यातूनच घडला.