सत्तावीस कलमांची कथा

सन १९४२ ते १९४५ पर्यंत पंडित जवाहरलाल नेहरू आमच्या नगरच्या (आतांच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यांत स्थानबद्ध होते, हें वाचकांस विदित आहेच. परंतु त्यापूर्वीं, १९३८ सालीं, ते यादवी युद्धानें होरपळणाऱ्या स्पेन देशांत बार्सिलोना येथें जाऊन आले होते, हें तरुण मंडळींस क्वचितच ठाऊक असतें. त्या युद्धांत लोकनियुक्त सरकाराविरुद्ध लढलेल्या ‘फॅलँज’ पक्षाच्या जाहीरनाम्याचा येथें विचार करूं.

होसे अँटोनिओ प्रिमो द रिव्हेरा यांनीं २९ ऑक्टोबर १९३३ रोजीं माद्रिद येथें हा पक्ष स्थापिला. पुढील वर्षीं त्याचीं सत्तावीस कलमें प्रसिद्ध झालीं. प्रत्येकास काम मिळावें, शेतमालास रास्त भाव यावा, ब्यांका राष्ट्राच्या मालकीच्या व्हाव्या. यांत वावगें तें काय, असें कोणासही वाटेल. पण त्याच पंक्तींत सहावें कलम बसलें आहे: राज्य सर्वंकष असावें व राजकीय पक्ष समूळ नाहींसे व्हावे. शिवाय साम्राज्याची आकांक्षा आहे, आणि जीवित म्हणजे शिपाईगिरी असा उपदेशही आहे.

सत्ताविसावें कलम सांगत होतें कीं, आम्ही स्वबळावरच जिंकूं. इतरांशीं तडजोडी फारशा करणार नाहीं. त्याची गति काय झाली? संस्थापकास नोव्हेंबर १९३६ मध्यें सरकार पक्षानें देहदंड दिला. एप्रिल १९३७ मध्यें जनरल फ्रँको यांनीं एका हुकुमानें हा पक्ष जुन्या राजपक्षाशीं जोडला व स्वतः त्याचे प्रमुख झाले. तें कलम गळालें, सव्वीसच उरलीं. विरोध करणारे पुढारी हेदिल्ला तुरुंगांत गेले. पंचतंत्रांतील विद्वान् ब्राह्मणांनीं सिंह जिवंत केला, आणि सिंहानें प्रथम त्यांसच खाल्लें, तशांतलाच हा प्रकार.

फ्रँकोंच्या कैदेचा अनुभव एका मराठी गृहस्थानेंही घेतला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे एके काळचे सरकार्यवाह, नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, ‘जॉन स्मिथ’ या नांवानें सरकारच्या बाजूनें लढावयास गेले आणि १९३८ मध्यें पकडले गेले. सुटून आल्यावर ते साम्यवादी झाले.

कोणी म्हणतील, एकत्र कुटुंबांतही एकाच कर्त्याचा शब्द चालतो. खरें, पण त्या कर्त्यास चार शब्द सुनावणारी थोरली वहिनी त्याच घरांत असते, आणि तिला कोणी कोठडींत घालीत नाहीं. म्हणून कोणताही जाहीरनामा हातीं आला, कीं काय देणार एवढेंच वाचून थांबूं नये. न दिल्यास जाब कोणी विचारावयाचा, हें त्यांत शोधावें. स्पेनला तो अधिकार परत मिळण्यास १९७५ सालीं फ्रँको मरेपर्यंत थांबावें लागलें.