'भीगी भीगी'च्या आधीचं गाणं

२००६ साली अनुराग बासूचा 'गँगस्टर' आला आणि त्या पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या कॉलेजांमध्ये दोन गाण्यांनी ठाण मांडलं. एक 'या अली', दुसरं 'भीगी भीगी'. दुसऱ्याचा गायक बांगलादेशचा होता, 'नगर बाउल' या बँडचा जेम्स. त्याचा खरखरीत, थोडा थकलेला आवाज तोवर हिंदी सिनेमाने ऐकलेला नव्हता. हातात नवी गिटार आलेला प्रत्येक मुलगा तेव्हा हेच गाणं बसवत होता.

आमच्या हॉस्टेलवर एक बंगाली मित्र होता. सगळे 'भीगी भीगी' म्हणू लागले की तो त्याच चालीवर बंगाली शब्द म्हणायचा. कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाला, "अरे, हे आमचं गाणं आहे. गौतमदांचं. आमच्याकडे शाळेतली पोरंसुद्धा म्हणतात." मग त्याने कॅसेटवरून उतरवून घेतलेलं मूळ गाणं लावलं. त्या संध्याकाळपासून 'पृथिबी' माझ्या आयुष्यात आहे, आणि हिंदी गाणं कानावर पडलं तरी आतून मला बंगालीच ऐकू येतं.

हिंदी गाण्यात भिजलेल्या रात्री आहेत, विरह आहे. मूळ गाणं विरहाचंच आहे, पण त्याचा पल्ला फार मोठा. जग म्हणे लहान लहान होत चाललंय, उपग्रहाच्या आणि केबलच्या हाती गेलंय, दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या खोक्यात बंदिस्त झालंय. घरात बसल्या बसल्या साऱ्या दुनियेशी नातं जोडता येतं, ते आता मुठीत आलंय. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर गाणं हळूच विचारतं की तारे जितकी प्रकाशवर्षं दूर आहेत, त्याहून दूर तू आणि मी सरकत चाललोय, याचा कधी विचार केलास का? चाल अगदी साधी आहे, पहिल्या महिन्यात शिकवतात त्या कॉर्ड्समध्ये बसणारी. म्हणून चार जणांच्या अड्ड्यावर ते सहज गायलं जातं, आणि चौघेही गाता गाता गप्प होतात.

या गाण्याचं साल आहे १९९५. घराघरांत केबल नुकतीच आली होती. त्याच वर्षी ३१ जुलैला भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला, तोही कोलकात्याहूनच. मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना लावलेला. पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. हे सगळं घडण्याआधी, वर्षाच्या सुरुवातीच्या कोलकाता पुस्तक मेळ्यात हे गाणं असलेला अल्बम बाहेर पडला होता. मुठीत आलेल्या जगाबद्दल तेव्हा लिहिणं म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

हे लिहिणारे गौतम चट्टोपाध्याय तेव्हा पंचेचाळिशीच्या घरात होते, आणि त्यांचा बँड मोडून चौदा वर्षं झाली होती.

त्यांची गोष्ट सुरू होते साठच्या दशकातल्या कोलकात्यात. गौतम प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी. संध्याकाळी पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांमधून 'द अर्ज' या बँडबरोबर गिटार वाजवायचे. साथीला अँग्लो-इंडियन पोरं, गाणी सगळी इंग्रजी. देशभर तेव्हा रॉकची भाषा इंग्रजीच होती. १९७०-७१ची 'सिमला बीट' स्पर्धा घ्या किंवा मुंबईतला 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट' घ्या, आपली पोरं वाजवत होती मनापासून, पण गात होती परक्या भाषेत. गौतम यांच्या आयुष्यात मात्र मध्येच नक्षलवादी चळवळ आली. त्यांना अटक झाली, तुरुंगवास झाला, आणि सुटल्यावर बंगालबाहेर राहावं लागलं. काही काळ त्यांनी मध्य प्रदेशात औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून काम केलं. १९७५च्या सुमारास ते कोलकात्याला परतले, तेव्हा त्यांना इंग्रजी गाणी वाजवायची नव्हती.

दक्षिण कोलकात्यातल्या नाकतला भागात त्यांचं घर होतं. तिथे सात जण जमले. गौतम, त्यांचे भाऊ प्रदीप आणि विश्वनाथ, नात्यातले रंजन घोषाल, आणि मित्र तापस दास, तपेश बंद्योपाध्याय, अब्राहम मजुमदार. नावावरून बराच खल झाला. शेवटी रंजन यांनी जीवनानंद दास यांच्या 'घोडा' या कवितेतलं एक नाव सुचवलं : 'मोहिनेर घोडागुली', म्हणजे मोहिनचे घोडे. १९५४ साली ट्रामच्या धडकेनंतर गेलेला हा कवी, हयातीत फारसा न वाचला गेलेला. रॉक बँडने त्याच्याकडून नाव घ्यावं यातच या मंडळींची जातकुळी कळते.

गिटार, ड्रम्स आणि सॅक्सोफोन यांच्या जोडीला त्यांच्याकडे व्हायोलिन, पियानो आणि बासरी होती. बंगालमध्ये गात फिरणाऱ्या बाउल फकिरांशी गौतम यांची दाट मैत्री, त्यामुळे त्या गाण्याचा मोकळा हुंकारही होता. आपल्या संगीताला ते 'बाउल जाझ' म्हणत. १९७७ ते १९७९ या तीन वर्षांत त्यांच्या तीन छोट्या तबकड्या निघाल्या. पहिलीचं नाव 'संबिग्न पाखिकुल ओ कोलकाता बिषयक'. त्यातलं 'हाय भालोबाशी' मला 'पृथिबी'इतकंच प्रिय आहे. आपल्याला काय काय आवडतं याची त्यात लांबलचक यादी येते : चांदणं, पिकासो, बुन्युएल, दांते, बीटल्स, डिलन, बेथोव्हेन, रविशंकर, अली अकबर, पहाटेच्या धुक्यातून घरी परतणं. आणि तरीही काहीच गोड लागत नाही, अशी कबुली येते. आणीबाणी संपली त्याच वर्षी, तुरुंग पाहून आलेल्या माणसाच्या बँडने हे गायलं आहे. ती उदासी तरुणपणीची हौस वाटत नाही मला.

तबकड्या मात्र फारशा खपल्या नाहीत. बंगालमध्ये गाणं म्हणजे रवींद्रसंगीत, आधुनिक गीत आणि पूजेची गाणी. आपल्याकडे दिवाळी अंकांची वाट पाहतात तशी तिथे दुर्गापूजेला निघणाऱ्या नव्या तबकड्यांची वाट पाहिली जायची, आणि हेमंत मुखर्जी, मन्ना डे, संध्या मुखर्जी यांची त्या वर्षीची गाणी घरोघर पाठ व्हायची. त्या घरात ड्रम्स वाजवत शिरलेल्या सात पोरांचं काय करायचं ते श्रोत्यांना कळेना. १९८१ साली बँड थांबला. विश्वनाथ अमेरिकेला गेले, रंजन बंगळुरूमध्ये स्थिरावून जाहिराती आणि नाटकांत रमले, अब्राहम पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकवू लागले. गौतम सिनेमाकडे वळले. त्यांच्या 'नागमती'ला १९८३चा सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. १९९२ साली सुमन चट्टोपाध्याय यांचा 'तोमाके चाइ' आला आणि एका गिटारवर गायलेलं शहरी बंगाली गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. कॉलेजातली मुलं जुन्या गाण्यांचा शोध घेऊ लागली, घासलेल्या तबकड्यांवरून कॅसेटी उतरवू लागली. गौतम यांनी जुना बँड पुन्हा उभा करून टाळ्या घेतल्या नाहीत. नव्या पोरांना गोळा केलं, त्यांच्याकडून गाऊन घेतलं आणि कॅसेटवर 'मोहिनेर घोडागुली संपादित' असं छापलं. संपादित! मासिकाचा संपादक नव्या लेखकांना पुढे आणतो, तसं. या पहिल्या संपादित अल्बमचं नाव 'आबार बोछोर कुडि पोरे', म्हणजे पुन्हा वीस वर्षांनंतर, हेही जीवनानंदांच्या कवितेतूनच आलेलं. 'पृथिबी' यातलंच गाणं. पुढच्या काही वर्षांत असे आणखी तीन अल्बम निघाले.

२० जून १९९९ रोजी हृदयविकाराने गौतम गेले. 'भीगी भीगी' त्यांनी ऐकलंच नाही. त्यांचा मुलगा गौरव 'लक्खीछाडा' या बँडमध्ये ड्रम्स वाजवतो. 'चंद्रबिंदू', 'कॅक्टस', 'फॉसिल्स', 'भूमी' अशी बंगाली बँडची जी मोठी फळी पुढे उभी राहिली, ती या घोड्यांच्या वाटेनेच आली. २०२३ साली तापस दास कर्करोगाने आजारी होते, तेव्हा त्यांच्या उपचारांसाठी तरुण कलावंतांनी कार्यक्रम करून पैसे उभे केले. ते वाचले नाहीत, पण न खपलेल्या तबकड्यांचं ऋण एका पिढीने असं मानलं.

'भीगी भीगी'चे संगीतकार प्रीतम हेही प्रेसिडेन्सीचेच, बंगाली बँडच्या वातावरणात वाढलेले, आणि ध्वनिमुद्रण शिकले ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. त्यामुळे कोलकात्याचं हे गाणं मुंबईच्या सिनेमात पोचलं यात नवल नाही. खंत मला वेगळीच आहे. पुण्याच्या 'अग्नी'ने रॉक उत्तम वाजवलं, पण हिंदीत. मराठीत प्रयोग होत असतात, काही चांगलेही असतात. तरी बाप आणि मुलगी एकाच गिटारभोवती बसून म्हणतील असं मराठी रॉक गाणं अजून माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. आपल्याकडे कवींची वाण नाही. मर्ढेकर आहेत, अरुण कोलटकर आहेत, नामदेव ढसाळ आहेत. त्यांच्या शब्दांशी रात्र रात्र झटणारी सात पोरं हवीत, आणि पहिली तबकडी न खपली तरी त्यांना विसरून न जाणारे श्रोते हवेत.

तोवर या दिवाळीत एक करा. इंटरनेटवर आधी 'हाय भालोबाशी' शोधा, मग 'पृथिबी'. शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल, अर्धे तर मराठीच वाटतील. घरात गिटार शिकणारं कुणी असेल तर त्यालाही बोलवा, आणि हिंदी गाणं नंतर लावा.