नारिंगाचा झाला ऑरेंज

छत्रपती संभाजीनगरहून पैठण तालुक्यातल्या पाचोडला मोसंबीच्या हंगामात गेलं, की बाजारात फळांचे ढीगच्या ढीग दिसतात. रंग हिरवट, फार तर पिवळसर. पण शेजारच्या जालन्याच्या याच फळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘जालना स्वीट ऑरेंज’ या नावानं. नावात ऑरेंज, सालीवर मात्र नारिंगीचा मागमूस नाही. सालीतलं हरितद्रव्य सरायला थंड रात्री लागतात; मराठवाड्याच्या उबेत फळ आतून गोड होतं आणि वरून हिरवंच राहतं.

यात चूक कुणाचीच नाही. ‘ऑरेंज’ हे मुळात फळाचं नाव, रंगाचं विशेषण नंतरचं. आणि हे नाव निघालं आपल्याकडून.

संस्कृतातला ‘नारंग’, बहुतेक अभ्यासकांच्या मते द्राविडी भाषांतून आलेला, फारसीत ‘नारंग’च राहिला. अरबीत त्याचा ‘नारंज’ झाला आणि अरबांबरोबर कडू नारिंग भूमध्य समुद्राकाठी रुजलं. स्पॅनिशनं ‘न’ जपला. इटालियन आणि फ्रेंचमध्ये मात्र नामाआधी ‘एक’ या अर्थाचा ‘उन’ येतो. त्याच्या ‘न’मध्ये फळाचा ‘न’ विरून गेला. फ्रेंचमध्ये ‘ऑर’ म्हणजे सोनं. सोनेरी फळाला ते रूप शोभलंही. इंग्रजीत फळ आधी पोचलं. रंगासाठी हा शब्द रुळायला सोळावं शतक उजाडलं. जुन्या इंग्रजीत या छटेला ‘पिवळा-तांबडा’ अशा अर्थाचा जोडशब्द होता.

मराठीची रीत हीच आहे. जांभळावरून जांभळा, डाळिंबावरून डाळिंबी, अंजिरावरून अंजिरी. पैठणी घेणारी बाई दुकानदाराला ‘जरा डाळिंबी दाखवा’ म्हणते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे फोडलेल्या फळाचे दाणे असतात. इतका नेमका रंग दुसऱ्या कुठल्या शब्दानं सांगता येईल?

‘मोसंबी’ची वाट उलटी. ती समुद्रापलीकडून आली. नाव पडलं आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून, जिथे पोर्तुगीजांची वसाहत होती. गोड संत्र्याला अरबीत ‘बुर्तुकाल’ आणि तुर्कीत ‘पोर्ताकाल’ म्हणतात, ते थेट पोर्तुगालवरून.

घरात कुणी पोर ‘तानापिहिनिपाजा’ घोकत असेल, तर त्याला जरूर सांगा: यातल्या ‘ना’मध्ये नारिंग आहे आणि ‘जा’मध्ये जांभूळ.