ट्रॅक्टरचीही वही ठेवा

गेल्या काही वर्षांतली गोष्ट. पडघ्याच्या बाजूला एका गावात ऐन जुलैत चिखलणी चालू असताना ट्रॅक्टर खाचरातच बंद पडला. मेस्त्री आला, इंजिन उघडले. आतले ऑईल डांबरासारखे झालेले, बेअरिंग गेलेले. मेस्त्रीने एकच प्रश्न विचारला, "ऑईल कधी बदललं होतं?"

थोरला भाऊ म्हणाला, "दिवाळीनंतर." धाकटा म्हणाला, "नाही दादा, शिमग्याला." त्यावरून दोघांची जुंपली. ट्रॅक्टर बारा दिवस उभा राहिला. तोवर राबातली रोपे वयाच्या पुढे गेली. अशा रोपांना फुटवे कमी येतात. म्हणजे नुकसान इंजिनाचे तर झालेच, पण भाताचेही झाले.

शेतकरी बंधूंनो, मी त्या बांधावर उभा होतो. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. चूक एवढीच की, कोणी लिहून ठेवले नव्हते.

तास मोजा, सण नव्हे

यंत्राचे वय महिन्यांत मोजता येत नाही, ते तासांत मोजावे लागते. आपल्या भिवंडी तालुक्यात ट्रॅक्टर फक्त शेतात चालत नाही. पाऊस संपला की गवताच्या गाठी, मग वीटभट्टीच्या ट्रॉल्या, रेती-माती. दिवाळी ते पावसाळा हे आठ महिने दिसायला थोडे, पण दिवसाला पाच तास चाललेला ट्रॅक्टर पन्नास दिवसांतच २५० तास पुरे करतो. इंजिन ऑईल बदलण्याची मुदत काही ट्रॅक्टरना २५० तासांची, काहींना त्याहून जास्त असते. आपल्या ट्रॅक्टरची मुदत कंपनीच्या पुस्तिकेत पाहावी. ते पुस्तक ट्रंकेच्या तळाशी ठेवण्यासाठी दिलेले नसते!

वहीत काय लिहायचे?

शंभर पानी वही पुरे. रकाने सहाच पाडा: तारीख, मीटरचे तास, काम कोणते, डिझेल किती, काय बदलले व खर्च, आणि पुढचे कधी. नोंद अशी होईल: "१२ जून, मीटर १,८४०. इंजिन ऑईल व फिल्टर बदलले. पुढचे २,०९० ला." यातला शेवटचा आकडा सर्वात महत्त्वाचा. तो खडूने मडगार्डवरही लिहा, म्हणजे ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर राहील. मीटर बंद असेल तर घड्याळ पाहून सुरू केल्याची व बंद केल्याची वेळ लिहावी.

भट्टीच्या धुळीत काम असेल तर एअर क्लीनर रोज पाहावा. चिखलणीनंतर गिअरचे ऑईल पट्टी काढून पाहावे. ते ताकासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजा, ट्रॅक्टर पुढे रेटू नका. पाहिले ते त्याच दिवशी वहीत उतरवावे.

डिझेलचा रकाना म्हणजे ट्रॅक्टरचा थर्मामीटर. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालातही डिझेलचा खप तासाला किती लिटर, असाच दिलेला असतो. समजा, तुमचा ट्रॅक्टर एखाद्या कामाला तासाला साडेतीन लिटर घेत होता आणि आता त्याच कामाला साडेचार घेतो, तर फिल्टर, नोझल तपासायची वेळ आली. हे फरक नुसत्या डोक्यात राहत नाहीत.

सामाईक यंत्राला तर हवीच

भावाभावांचा ट्रॅक्टर, बचत गटाचा पॉवर टिलर, अवजारे बँकेचे यंत्र किंवा ग्रामपंचायतीची घंटागाडी, जिथे चालवणारे हात अनेक, तिथे वही नसली की दोष दुसऱ्याचा. सरपंच व गटाच्या अध्यक्षांनी महिन्यातून एकदा वही पाहून सही करावी. घंटागाडी, पिकअप किंवा जीप असेल तर तासांऐवजी किलोमीटर लिहावेत, बाकी रकाने तेच.

वहीचे आणखी फायदे आहेत. वॉरंटीच्या काळात ठरलेल्या वेळी सर्व्हिस झाल्याचा पुरावा मागतात. वही आणि बिले एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत असली की धावपळ होत नाही. ट्रॅक्टर भाड्याने देता, तर तासाला खरा खर्च किती येतो हे वहीच सांगते, नाहीतर शेजारी घेतो तोच दर आपणही लावतो आणि दुरुस्ती खिशातून करतो. विकायला काढला तरी गिऱ्हाईक तोंडी शब्दापेक्षा वहीवर जास्त विश्वास ठेवते.

कोणी म्हणेल, "साहेब, एवढं लिहायला वेळ कुठाय?" त्यांना माझा एकच सवाल. घरातली बाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा खाडा न चुकता मांडते. अर्ध्या लिटर दुधाचा हिशेब लिहिला जातो, मग लाखोंच्या यंत्राचा का नाही?

त्या दोन भावांच्या घरी आता वही आहे. ती थोरल्याची सून लिहिते. यंदा मृगापूर्वी आपणही पहिले पान लिहा.