एकट्याने किती लांब?

सांगलीला कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या कोणालाही त्याच्या लहानपणाबद्दल विचारा. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून काकांनी कसे ढकलून दिले, मग डबा कधी सुटला ते कळलेच कसे नाही, मे महिन्यात सकाळी गेलेली मुले डोळे लाल होईपर्यंत पाण्यातून बाहेर कशी येत नसत, हे सारे तो तासभर सांगेल. माणूस वाईचा असेल तर गणपती घाट येतो आणि साताऱ्याचा असेल तर माहुलीचा संगम व अजिंक्यताऱ्यावरची करवंदे. आम्हीही यातलेच. हरिपूरच्या रस्त्याने चिंचा पाडत संगमापर्यंत जायचे आणि दिवेलागणीला परतायचे. कोणी शोधायला आल्याचे आठवत नाही.

शेवटचे वाक्य हमखास ठरलेले असते : "आताच्या पोरांच्या नशिबात हे नाही." हे वाक्य कितपत खरे आहे? वर्गात तपासून पाहण्याजोगा हा प्रश्न आहे.

आधी आठवणीविषयी. गतकाळाच्या ओढीला इंग्रजीत 'नॉस्टॅल्जिया' म्हणतात. हा शब्द 1688 मध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने एका आजाराचे नाव म्हणून घडवला. घरापासून दूर असलेले स्विस लोक झुरून आजारी पडत, त्या दुखण्याचे हे नाव. आज तो आजार मानत नाहीत. पण आठवणी समप्रमाणात टिकत नाहीत, हे मानसशास्त्राला ठाऊक आहे. उतारवयातल्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग जास्त निघतात. शिवाय पहिला मुटका जितका लक्षात राहतो तितका शंभरावा राहत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आठवणी सांगायला वाचलेलेच उरतात. घाटावरून परत न आलेला मुलगा लेख लिहीत नाही. भारतात 1971 साली जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 129 बालके वर्ष पुरे होण्याआधी दगावत. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला. 'आम्हाला काही झाले नाही' असे म्हणताना 'आम्ही' कोण, हे म्हणूनच पाहावे लागते.

आणि मोकळीक तरी कोणाची? हरिपूर हे गोविंद बल्लाळ देवलांचे गाव. त्यांचे 'संगीत शारदा' 1899 मध्ये रंगभूमीवर आले, त्यात कोवळ्या मुलीचे म्हाताऱ्याशी लग्न ठरते. मुलींच्या लग्नाचे वय किमान चौदा ठरवणारा कायदा व्हायला 1929 उजाडले. (या कायद्याचे नाव हरविलास सारडा यांच्यावरून पडले, नाटकावरून नव्हे.) त्या काळच्या दहा वर्षांच्या मुलीला नदी म्हणजे धुणे आणि कळशी. तिकडे आटपाडीत 1921 साली जन्मलेल्या शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' वाचावे. त्यात विहीर आहे ती पोहण्याची नव्हे. विहिरीतले प्रेत बाहेर काढायची वेठ त्यांच्या वडिलांच्या वाट्याला येते, असा तो प्रसंग आहे.

एवढी वजाबाकी करूनही काही उरते का? उरते, आणि ते मोजलेले आहे. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन व सहकाऱ्यांनी 1971 आणि 1990 ची तुलना केली. 1971 मध्ये सात-आठ वर्षांची 80 टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात होती. 1990 मध्ये उरली 9 टक्के. मुख्य कारण वाहनांची भीती. गंमत म्हणजे त्याच काळात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या घटली होती, म्हणून रस्ते सुरक्षित झाले असे सरकारी मत होते. हिलमन यांनी उलट दाखवले. रस्ते धोक्याचेच होते, मुलेच रस्त्यावरून काढून घेतली होती.

आपल्या घाटांचेही असेच झाले आहे. बुडणारे कमी दिसले तर नदी सुरक्षित झाली, की पोहणारेच उरले नाहीत? सांगली जिल्ह्यात भिलवडी-औदुंबर भागात गेल्या दोन-अडीच दशकांत मगरींचे हल्ले झाले आहेत. सांगलीजवळ मार्च 2023 मध्ये कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. अशा पाण्यात पोराला जाऊ न देणाऱ्या आईला भित्री म्हणणे आम्हाला पटत नाही. नदीची अवस्था कोणी केली, हा प्रश्न तिला विचारण्याचा नव्हे.

मात्र घरात राहण्याचीही किंमत असते, आणि ती डोळ्यांत दिसते. लांबचे न दिसणे, म्हणजे लघुदृष्टी. यात नेत्रगोल पुढून मागे गरजेपेक्षा लांब वाढतो आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. प्रखर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन हे द्रव्य अधिक स्रवते आणि ते गोलाच्या या वाढीला आवर घालते, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसते. वर्गातला उजेड तीन-चारशे लक्स असतो, झाडाच्या सावलीत तो काही हजार भरतो आणि भर उन्हात लाखाच्या घरात जातो. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली आकुंचन पावते आणि डोळा सरावतो.

चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज 40 मिनिटांचा एक तास मैदानावर वाढवला, आणि शाळेबाहेरच्या वेळातही मुलांना बाहेर नेण्यास पालकांना सांगितले. तीन वर्षांत मैदानावर गेलेल्यांपैकी सुमारे 30 टक्के मुलांना लघुदृष्टी आली, इतरांपैकी सुमारे 40 टक्क्यांना. 2015 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फरक प्रचंड नाही, पण तो मुख्यतः एका तासिकेचा आहे. वेळापत्रकात खेळाच्या तासाला गणित घेणाऱ्या आमच्या मित्रांनी (आणि पूर्वी आम्हीही) हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

आता वर्गात करायचे काम. प्रत्येक विद्यार्थ्याने गावाचा नकाशा काढावा. घराभोवती तीन रंगांच्या रेषा आखाव्यात : दहाव्या वर्षी आजी किंवा आजोबा एकटे कुठवर जात, आई किंवा वडील कुठवर, आणि आपण स्वतः कुठवर. प्रत्येक रेषेशेजारी कशासाठी जात तेही लिहावे. गुरे राखायला रोज दोन कोस जाणारा मुलगा लांब जात होता, पण खेळायला नव्हे. मुलींचे आणि मुलांचे नकाशे वेगवेगळे मांडून पाहावेत. कोणाला कुठल्या पाणवठ्यावर मज्जाव होता, हेही घरी विचारावे. काही घरांतून उत्तर यायला वेळ लागेल, घाई करू नये.

रेषा तिसऱ्या पिढीत आखडली असेल तर कुठे अडली ते नेमके शोधावे. हमरस्ता, कुंपण, मोकाट कुत्री, शिकवणीची वेळ, की काहीच नाही, फक्त सवय? अंतर मात्र सरळ रेषेत मोजू नये. ओढ्यावर त्या वेळी पूल नसेल तर आजोबांचा वळसाही धरावा. पोहून जात असतील, तर तसे लिहावे.