आवाजाला घाई असते

सोमवारी, 5 मे 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने स्काइप कायमचं बंद केलं. परदेशातल्या मुलांशी रविवारी ठरल्या वेळी बोलणारे आईवडील, संगणकाभोवती जमलेलं घर, अशा आठवणींना त्या निमित्ताने उजाळा मिळाला. स्काइपचं श्रेय मोठं आहेच. पण ते 2003 मध्ये आलं, त्याच्या तीस वर्षं आधी एका माणसाने या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न सोडवायला घेतला होता. त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, म्हणून आज ते घ्यायचं आहे. ते नाव डॅनी कोहेन.

हायफात जन्मलेले कोहेन 1970च्या दशकात साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत काम करत. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट तेव्हा संगणकांमधला मजकूर वाहून नेण्यासाठी होतं. तिथला दंडक एकच: माहितीचं प्रत्येक पाकीट पोचलंच पाहिजे, हरवलं तर पुन्हा पाठवायचं. फाइलसाठी हे योग्यच, कारण हिशेबातला एक आकडा गळला तर सगळा हिशेब चुकतो. संभाषणात मात्र हाच दंडक घात करतो. हरवलेलं पाकीट पुन्हा येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात. उशिरा आलेला शब्द म्हणजे पंगत उठल्यावर वाढायला आणलेला मठ्ठा. कोहेन यांचं म्हणणं होतं की बोलण्यातला एखादा तुकडा गळाला तर गळू द्या, उरलेले वेळेवर पोचवा.

ऑगस्ट 1974 मध्ये कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समधल्या दोन प्रयोगशाळांमध्ये अर्पानेटवरून आवाज गेला. कोहेन यांच्यासारख्यांच्या आग्रहामुळेच पुढे इंटरनेटच्या नियमांची फोड झाली. पोच घेऊन काम करणारा टीसीपी वेगळा राहिला आणि 1980 मध्ये पोचेची वाट न पाहणारा यूडीपी आला. आजचे बहुतेक इंटरनेट कॉल या यूडीपीवरून धावतात.

आता एक शब्द घेऊन पाहू. न्यूयॉर्कहून मुलगी म्हणते, ‘आई’. त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागला असं धरू. जुन्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये आवाजाची मोजणी सेकंदाला 8,000 वेळा होई आणि दोघं गप्प बसली तरी कॉल संपेपर्यंत 64 किलोबिटांची वाट त्यांच्यासाठी अडवलेली असे. इंटरनेट कॉलमध्ये कोडेक नावाचं सॉफ्टवेअर आवाज दाबून लहान करतं आणि त्याचे साधारण 20 मिलिसेकंदांचे तुकडे पाडतं. म्हणजे त्या एका ‘आई’ची सोळा-सतरा पाकिटं झाली. ती मागेपुढे पोचतात, म्हणून ऐकणाऱ्या फोनमध्ये ती क्षणभर थांबवून ओळीने लावली जातात. एखादं आलंच नाही, तर शेजारच्या तुकड्यांवरून अंदाज बांधून जागा भरली जाते. एवढं सगळं करायला वेळ किती? आंतरराष्ट्रीय शिफारस सांगते की एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा. मुंबई ते न्यूयॉर्क हे साडेबारा हजार किलोमीटर अंतर सरळ केबलने कापायलाच प्रकाशाला साठहून अधिक मिलिसेकंद लागतात, आणि समुद्राखालच्या केबल सरळ जात नाहीत. उरलेल्या थोडक्या सवडीत बाकीचं सगळं बसवायचं असतं. हे रोज, कोट्यवधी वेळा जमतं, याचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

फायदे वाचकांना ठाऊक आहेत. वाट अडवावी लागत नाही म्हणून कॉल स्वस्त पडतो. अंतराला वेगळं भाडं नसतं. आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनीला कायद्याची वाट 1 एप्रिल 2002 रोजी मोकळी झाली, तीही अपुरी, कारण संगणकावरून भारतातल्या साध्या फोनला कॉल लावता येत नव्हता. 2016 मध्ये जिओ आलं ते फक्त 4जी घेऊन, त्यामुळे त्याचा प्रत्येक कॉल पाकिटांतूनच जातो. जिथे रेंज नाही पण घरात ब्रॉडबँड आहे, तिथे फोनमधली वाय-फाय कॉलिंगची सोय चालू करा. नंबर तोच राहतो आणि वेगळं अ‍ॅप लागत नाही.

धोकेही आहेत. संकटात 112 लावायचा तर साध्या फोनवरून लावा, व्हॉट्सअ‍ॅपसारखी अ‍ॅप त्यासाठी नाहीत. पोलिस असल्याचं भासवून ‘डिजिटल अरेस्ट’ करणाऱ्या ठगांनीही हेच स्वस्त व्हिडिओ कॉल वापरले. मे 2024 मध्ये गृह मंत्रालयाने सांगितलं होतं की मायक्रोसॉफ्टच्या मदतीने हजाराहून अधिक स्काइप आयडी बंद केले गेले. व्हिडिओ कॉलवर कुठलाही पोलिस अटक करत नाही. असा कॉल आला तर तो कापा आणि फसवणूक झालीच असेल तर लगेच 1930 लावा.

शेवटी एक मागणी. इंटरनेट कंपन्या जाहिरातीत फक्त वेग सांगतात. सिनेमा उतरवायला तो महत्त्वाचा आहे. आवाजाच्या कॉलला शंभर किलोबिटही पुरतात, तिथे प्रश्न उशिराचा आणि गळतीचा असतो. दूरसंचार नियामक ट्रायने 2024च्या सेवा-गुणवत्ता नियमांत उशीर मोजण्याचे निकष घेतले आहेत. नवं कनेक्शन घेताना वेगाच्या जोडीला तो आकडाही विचारा. ग्राहकांनी विचारल्याशिवाय कंपन्या तो आपणहून सांगणार नाहीत.